रेल्वे की बाजार?

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बडनेरा आणि धामणगाव यांच्या मधलं. दुसरं अचलपूरच्या अंगाचं. नुसतं ‘चांदूरला जातो’ म्हटलं, की ऐकणारा लगेच विचारतो, ‘रेल्वे की बाजार?’ नावापुढच्या त्या एका शब्दात गावानं कोणतं काम अंगावर घेतलं ते येतं. एकानं गाडी थांबवायचं, दुसऱ्यानं बाजार भरवायचं. जादू, राक्षस आणि तलवारींचे ऑनलाइन खेळ नवख्याला पहिल्या दोन मिनिटांत नेमका हाच प्रश्न विचारतात. पडद्यावर ओळीनं माणसं उभी असतात: ढाल घेतलेला योद्धा, हातात काठी धरलेला जादूगार, जखमा बऱ्या करणारा पुजारी, अंधारातून वार करणारा चोरटा. यांतला तू कोण? खेळणारी मंडळी याला ‘क्लास’ म्हणतात. चांदूर रेल्वेतला नववीतला मुलगा फोनवर खेळो की पुण्यातला इंजिनिअर संगणकावर, बहुतेकांचं बोट जातं ते सगळ्यात देखण्या किंवा सगळ्यात जास्त मार देणाऱ्या गड्यावर. माझ्या मते इथंच गफलत होते. क्लास निवडताना आपण ताकद निवडतोय असं वाटतं, पण खरं तर आपण काम निवडत असतो, आणि त्या कामासोबत कोणत्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर फुटायचं तेही.

ही पद्धत आली कागद-पेन्सिल आणि फाशांच्या खेळातून. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. पुढे ते वाढत गेले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या जातीचा सगळ्यात गाजलेला ऑनलाइन खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये आला तो नऊ क्लास घेऊन, आणि आज त्यात तेरा आहेत. नावं कितीही असोत, सांघिक लढाईत कामं तीनच उरतात. शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर ओढून घेणारा तो ‘टँक’, सोबत्यांना जिवंत ठेवणारा तो ‘हीलर’, आणि शत्रूला प्रत्यक्ष झोडपणारे ते ‘डीपीएस’. वऱ्हाडातल्या वाचकाला हे तिफणीवरून चटकन कळेल. तिफणीला तीन फण, आणि तिन्हींतून बी पडलं तरच पेरणी धड. एक नळी बुजली तर एक ओळ रिकामी जाते. फरक एवढाच, की शेतातली रिकामी ओळ दिसायला उगवण होईस्तोवर थांबावं लागतं, खेळातली पुढच्या अर्ध्या मिनिटात दिसते.

आता या तीन कामांना माणसं सारखी मिळतात का? नाही, आणि याचा पुरावा खेळ बनवणाऱ्या कंपनीनंच देऊन ठेवला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 2009 च्या डिसेंबरात अनोळखी खेळाडूंना आपोआप एकत्र आणणारी सोय सुरू झाली. पाच जणांचा गट: एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस. हिशेब सोपा होता, पण रांगा लागल्या त्या मार देणाऱ्यांच्या. टँकला बहुधा बोलावणं लगेच यायचं. शेवटी 2011 मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की ज्या कामाला माणसं कमी पडतील ते काम पत्करणाऱ्याला खेळातलं सोनं आणि दुर्मीळ वस्तूंची पोतडी मिळेल. मजुरी वाढवल्याशिवाय माणूस मिळेना, हे कापूस वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायला नको. पण इथं अंगमेहनत नाही, ऊन नाही. खुर्चीत बसूनच खेळायचं. तरी टँक का मिळेना? कारण मार देणारे तिघे असतात. त्यांतला एक जरा ढिला पडला तर लढाई थोडी लांबते, कुणाच्या लक्षातही येत नाही. टँक चुकला, की राक्षस सरळ नाजूक जादूगारावर धावून जातो आणि गट आडवा. हीलरची नजर चार सेकंद हटली, की कोण मेलं आणि कुणामुळे मेलं हे पाचही जणांना दिसतं. लोकांना ढाल जड झाली नव्हती, उघडी पडणारी चूक जड झाली होती.

काम निवडण्याचं शहाणपण शोधायला फार लांब जायला नको. मेळघाटातलं चिखलदरा म्हणजे मूळचं कीचकदरा, भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकलं, आणि विराट राजाची नगरी इथंच होती, अशी या भागातली जुनी समजूत. तिचा इतिहास तपासत बसायचं कारण नाही, कथा मात्र मोलाची आहे. अज्ञातवासाआधी पांडव बसून ठरवतात, कोण काय होणार. युधिष्ठिर कंक नावाचा द्यूत जाणणारा सभासद, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन नृत्य शिकवणारा बृहन्नडा, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी राणीची सैरंध्री. (ज्या द्यूतापायी राज्य गेलं तेच काम धर्मराजानं पुन्हा मागून घ्यावं, याला काय म्हणावं!) दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. सहा जणांनी सहा वेगळी कामं घेतली, एकाचं दुसऱ्यावर पडलं नाही. आणि जगातल्या पहिल्या प्रतीच्या योद्ध्यांपैकी एकानंही ‘योद्धा’ हे काम मागितलं नाही. शस्त्रं शमीच्या झाडावर गेली. प्रत्येकानं पाहिलं ते एवढंच, की हे काम मी वर्षभर रोज, कंटाळा न करता आणि पकडला न जाता करू शकेन का. सगळ्यात जोरदार काय, हा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारल्याचं दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, खेळ आहे हा, नोकरी नव्हे, दिवसभर थकून आलेल्या माणसानं आवडेल ते घ्यावं. बरोबर आहे. न आवडणारं काम करणारा हीलर गटाला आणि स्वतःलाही नकोसा होतो. पण आवड कशाची, हे आधी पाहायला हवं. पहिल्या संध्याकाळी डोळ्यांत भरतो तो ज्वाळांचा झोत. पन्नासाव्या संध्याकाळी उरतं ते रोज तेच तेच करायचं काम. शिवाय काम माणसाला घडवतंही. सप्टेंबर 2005 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येच एका राक्षसानं सोडलेला ‘करप्टेड ब्लड’ नावाचा संसर्ग चुकून त्याच्या मुलखाबाहेर पडला आणि भरवस्तीच्या शहरांत पसरला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 2007 मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. कितीक खेळाडू शहर सोडून पळाले, पण बरं करण्याची विद्या असलेले काही जण आपणहून रोग्यांकडे गेले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यात बक्षीसही नव्हतं. हातात औषध असलं, की माणूस औषधवाल्यासारखा वागू लागतो. म्हणून ‘नुसता खेळ’ म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: जो क्लास आज सगळ्यात जोरात चालतो तोच घ्यावा, उगाच तत्त्वज्ञान कशाला? पण हा जोर खेळाडूच्या हातात नसतो, कंपनीच्या हातात असतो, आणि कंपनी तो दर काही महिन्यांनी बदलते. आपल्याकडे खेडोपाडी पोचलेल्या ‘फ्री फायर’चंच बघा. तो खेळ जादूचा नव्हे, बंदुकांचा. तरी त्यात पात्रं आहेत आणि प्रत्येकाची वेगळी शक्ती. डिसेंबर 2020 मध्ये फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डोवरून बेतलेला ‘क्रोनो’ आला. त्याची संरक्षक ढाल इतकी भारी होती, की जो तो त्याच्यासाठी डायमंड, म्हणजे खेळातलं चलन, जमवू लागला. पुढच्याच वर्षी कंपनीनं ती ढाल पार कमकुवत केली. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारनं मूळ ‘फ्री फायर’वरच बंदी घातली, ‘मॅक्स’ आवृत्ती तेवढी चालू राहिली. ताकदीवर भाळून घेतलेलं पात्र असं हातात असूनही नसल्यासारखं होतं. उलट सोबत्याला कधी आधार द्यायचा, मागे कधी सरायचं, याची ज्याला सवय झाली तो पात्र बदललं तरी ती सवय बरोबर नेतो.

मग ही कामांची वाटणीच काढून टाकली तर? तसंही करून झालं आहे. ‘गिल्ड वॉर्स 2’ हा 2012 चा खेळ याच घोषणेवर आला, की आता हीलरची वाट बघत बसायला नको, ज्यानं त्यानं स्वतःला सांभाळावं. ऐकायला छान. पण लढायांत गोंधळ वाटू लागला, आणि 2015 च्या विस्तारात मोठ्या लढायांसाठी मार झेलणारा आणि बरं करणारा दोघेही पुन्हा दाखल झाले. फोनवरही चालणाऱ्या ‘अल्बियन ऑनलाइन’मध्ये क्लास नाही, अंगावरचा पोशाख बदलला की काम बदलतं, तरी पुजाऱ्याची काठी कुणी घ्यायची हे गटाला ठरवावंच लागतं. ‘बीजीएमआय’ या बंदुकांच्या खेळात तर संघातल्या चौघांना वेगवेगळी शक्ती मुळीच नाही, पण स्पर्धेत उतरणाऱ्या संघात एक हुकूम देणारा ‘आयजीएल’, एक पुढे घुसणारा, एक लांबून नेम धरणारा, एक पाठीशी राहणारा अशी वाटणी होतेच. हे कबड्डीच्या मैदानावर आधीच माहीत आहे. सात जणांच्या अंगात बनियन एकच, पण चढाई करणारा वेगळा, कोपरारक्षक वेगळा. टाळ्या चढाईला पडतात, आणि कोपऱ्यातल्याचा हात घोट्यावरून निसटला तर सगळं मैदान त्याच्याकडे बघतं.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. ‘गटात काय कमी आहे ते बघा’ हा सल्ला ऐकायला न्याय्य, पण घरातल्यासारखंच इथंही कमी पडणारं काम नेहमी एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतं. गटात मुलगी असली तर ‘तू हीलर हो’ हे न विचारताच ठरतं. मुलगी नसली तर सगळ्यात धाकटा सापडतो. यावरचा उपाय क्लास मोडणं हा नव्हे, पाळी लावणं हा आहे. ‘फायनल फँटसी 14’सारख्या खेळात एकाच पात्राला सगळी कामं शिकता येतात आणि हातातलं शस्त्र बदललं, की काम बदलतं. तिथं आज टँक झालेला उद्या हीलर होऊन बघू शकतो, आणि काल ज्याच्यावर आपण ओरडलो त्याच्या जागी बसल्यावर काय वाटतं हेही त्याला कळतं.

तेव्हा नव्यानं खेळायला बसणाऱ्यानं पडद्यावरच्या देखण्या ओळीकडे बघण्याआधी ज्यांच्यासोबत रोज खेळायचं त्या दोघा-चौघांना फोन करावा आणि तुमच्यात कोण नाही, हे विचारावं. मग दोन-तीन क्लास थोडे थोडे खेळून बघावेत, आणि ज्यात हरल्यावरही पुन्हा बसावंसं वाटतं तो ठेवावा. घाईनं बटण दाबू नये. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तयार झालेल्या पात्राचं नाव आणि वंश पैसे भरून बदलून मिळतात, चेहरा आणि केस खेळातल्या न्हाव्याकडे बदलता येतात, क्लास बदलण्याची सोय कंपनीनं आजवर दिलेली नाही.