वाचा व श्रवणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : रुग्णाची भाषा जाणणारे तज्ज्ञ हवेत

अडीच-तीन वर्षांचे मूल बोलू लागले नाही, तर 'काही मुले उशिराच बोलतात' असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात. पुष्कळदा हा अंदाज खरा ठरतो. परंतु त्या मागे श्रवणदोष असेल, तर वाट पाहण्यात भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. दोष कानाचा आहे, उच्चाराचा आहे की भाषेच्या आकलनाचा, हे ठरविणारे तज्ज्ञ वाचा व श्रवणशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून घडतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख, तर वाचादोष असलेल्यांची संख्या सुमारे २० लाख होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे. पक्षाघातानंतर शब्द हरवणे किंवा कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागल्याने आवाज जाणे, यांसारख्या अवस्थांतून उद्भवणारे कायमस्वरूपी दिव्यांगत्व त्यात मोडते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या क्षेत्रातील पहिली पायरी म्हणजे बीएएसएलपी ही पदवी. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील एक वर्ष आंतरवासितेचे असते. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात आता बहुतेक ठिकाणी दोन वाटा आहेत. श्रवणशास्त्राच्या शाखेत श्रवणचाचण्या, श्रवणयंत्रांची निवड, कॉक्लियर इम्प्लांट आणि शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे विकार यांचा अभ्यास होतो. वाक्-भाषा विकारांच्या शाखेत तोतरेपणा, आवाजाचे विकार, मुलांमधील भाषाविकास, वाचाघात आणि गिळण्याच्या अडचणी हे विषय येतात. वर्गातील अध्यापनाबरोबर प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे काम आणि संशोधन या दोहोंना महत्त्व असते.

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांचे नाव धारण करणारी ही संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अधीन असून देशाच्या इतर भागांतही तिची केंद्रे आहेत. मुंबईचे टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय, तसेच पुण्याचे भारती विद्यापीठ येथेही या विषयाचे शिक्षण मिळते.

भाषेचा प्रश्न

रक्ताची तपासणी कोणत्याही राज्यात एकाच पद्धतीने करता येते. बोलण्याची तपासणी तशी करता येत नाही. मराठीत 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' लिहिताना एकच, पण उच्चारताना वेगळा आहे. हा भेद ठाऊक नसलेला परीक्षक 'चाक' शब्दातील बरोबर उच्चारालाही दोष समजू शकतो. 'ळ' हा वर्ण प्रमाण हिंदीत वापरला जात नाही. हिंदीत लिंगे दोन, तर मराठीत तीन. त्यामुळे एका भाषेसाठी तयार केलेली चाचणी केवळ भाषांतर करून दुसऱ्या भाषेत वापरणे योग्य ठरत नाही. शब्द कितपत समजतात हे पाहणाऱ्या श्रवणचाचणीसाठीही रुग्णाच्या परिचयाच्या शब्दांची यादी लागते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक भेडसावतो. इंदूरमधील एखादे मूल घरी मराठी, अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकते. ते इंग्रजीत मागे असेल, तर कदाचित त्या भाषेचा सराव कमी पडत असेल. अडचण मराठीतही दिसत असेल, तरच भाषाविकाराची शंका बळावते. म्हणजेच घरच्या भाषेत तपासणी झाल्याशिवाय निदान पुरे होत नाही. अशा मुलांच्या पालकांना घरची भाषा सोडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मात्र एकाहून अधिक भाषा ऐकल्याने भाषाविकार होत नाही, हे संशोधनाने स्पष्ट झाले आहे. भाषा सोडल्याने मूल आजी-आजोबांच्या संवादाला मात्र मुकते.

पदव्युत्तर शिक्षणाचे महत्त्व येथे ध्यानात येते. भारतीय भाषांतील शब्दयाद्या, चाचण्या आणि मुलांच्या भाषाविकासाचे टप्पे यांवरील बरेचसे काम विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून होत आले आहे. मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्याने असे एखादे साधन तयार केले, तर त्याचा उपयोग इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील तज्ज्ञांनाही होऊ शकतो.

नोंदणी आवश्यक

फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान आदी संलग्न आरोग्यसेवांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला. वाचा व श्रवण तज्ज्ञांची नोंदणी मात्र १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणीविना व्यवसाय करणे हा या अधिनियमानुसार दंडनीय अपराध आहे. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे विद्यार्थ्यांनी, तर उपचार सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञाची नोंदणी आहे का, हे पालकांनी पाहणे हिताचे ठरते.

जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस प्रारंभ, हे या शास्त्रातील सर्वमान्य उद्दिष्ट आहे. ते साधण्यासाठी यंत्रांइतकीच मुलाच्या घरची भाषा जाणणाऱ्या प्रशिक्षित तज्ज्ञांचीही गरज आहे.