फोनवर काट मारलेला बोर्ड : बंदी एक, कारणं तीन

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. आणि तुम्ही आत्ता पेट्रोल पंपाच्या रांगेत उभं राहून वाचत असाल, तर फोन खिशात टाका, पेट्रोल भरा, मग या. मी कुठे जात नाही.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

गेल्या दिवाळीत मी बाबांना नवीन फोन घेऊन दिला. मागे चुंबक असलेला, चार्जरवर ठेवला की टपकन चिकटणारा. बाबा खूश. पेन, चष्मा, फोन, सगळं शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायची त्यांची जुनी सवय. आणि त्या खिशाच्या चार बोटं वर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, त्यांचा पेसमेकर.

पुढच्या चेकअपला तंत्रज्ञ ताईंनी आधी खिशाकडे बघितलं. म्हणाल्या, "काका, फोन नेहमी इथेच असतो का हो?" बाबा कौतुकाने म्हणाले, "हो, मुलाने घेऊन दिलाय!"

मला कुठे तोंड लपवावं कळेना. सगळं ठीक निघालं, पण त्या रात्री मी बसून वाचायला लागलो. तोपर्यंत फोनवर काट मारलेले बोर्ड मला नुसती औपचारिकता वाटायचे. पंपावर तोच, दवाखान्यात तोच, विमानात तीच सूचना. चित्र एकच असल्यामुळे आपण समजतो की कारणही एकच असेल. तसं नाहीये. कारणं तीन आहेत: चुंबक, लहरी आणि ठिणगी. कुठे कोणतं लागू होतं ते कळलं, की काय करायचं ते आपोआप कळतं.

पहिलं, चुंबक.

पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक सेन्सर मुद्दामच बसवलेला असतो. डॉक्टरांनी बाहेरून चुंबक धरलं की यंत्र ठरावीक वेगाने ठोके देऊ लागतं, तपासणीसाठी ते सोयीचं असतं. पण यंत्राला काय कळणार, चुंबक डॉक्टरांचं आहे की फोनचं? आयसीडी, म्हणजे हृदय भलत्याच लयीत गेलं तर शॉक देणारं यंत्र, त्याच्या बाबतीत तर चुंबक जवळ असेपर्यंत शॉक देणं थांबू शकतं. २०२१ च्या सुरुवातीला डॉक्टरांनी आयफोन १२ छातीजवळ नेऊन नेमकं हेच दाखवलं. फोन लांब नेला की यंत्र पुन्हा नेहमीसारखं चालू लागतं. पण गरज पडली त्याच क्षणी फोन तिथे असला तर?

उपाय अगदी सोपा. फोन आणि यंत्र यांच्यात किमान १५ सेंटिमीटर अंतर. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० च्या पुढे. पट्टी नको, एक वीत धरा. वरच्या खिशात फोन नको, बोलताना यंत्राच्या विरुद्ध बाजूचा कान. इयरफोनच्या डब्यांमध्ये आणि कव्हरच्या झाकणातही चुंबक असतं, तेही लक्षात ठेवा.

चुंबकाची उलटी बाजू म्हणजे एमआरआय. तिथे फोनचं चुंबक नाही, मशीनचंच. दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. आणि ते 'बंद' नसतं. पेशंट नसला, रात्र असली, तरी चालूच. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला पेशंटचा नातेवाईक त्या सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. त्यामुळे तिथे 'फोन सायलेंटवर आहे' याला काही अर्थ नाही. फोन, घड्याळ, किल्ल्या, सगळं बाहेर.

दुसरं, लहरी.

जुन्या टूजी फोनचा तो 'टिर्र टिर्र' आवाज आठवतोय? रेडिओजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधीच स्पीकर बोलायचा. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडायचा आणि स्पीकरच्या वायरी ते पकडायच्या. आजही रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही फोन माईकपासून लांब ठेवतो. माईकमध्ये आवाज आला तर आपण परत रेकॉर्ड करतो. पण वायर आयसीयूतल्या व्हेंटिलेटरची किंवा औषधाच्या पंपाची असेल तर?

आता घाबरवत नाही. आजची यंत्रं असा त्रास सहन करतील अशी तपासूनच बनवतात, आणि लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. म्हणून साधा नियम: यंत्रापासून एक मीटर तरी लांब. पेशंटच्या उशाशी, मॉनिटरवर फोन ठेवायचा नाही. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रेंज कमी असली की फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो. म्हणजे तळघरातल्या आयसीयूत, एक काडी रेंजवर, फोन सर्वात जास्त ओरडत असतो. आणि खिशात गप्प पडलेला फोनही अधूनमधून टॉवरशी बोलतोच. म्हणून सायलेंट आणि फ्लाइट मोड यात फरक आहे. सायलेंट तुमच्या कानांसाठी, फ्लाइट मोड यंत्रांसाठी.

गावाकडच्या मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी. विहिरीला किंवा खाणीत सुरुंग लावतात तेव्हा विजेवर उडणाऱ्या डेटोनेटरच्या लांब वायरी जमिनीवर पसरलेल्या असतात. वायर म्हणजे अँटेनाच. म्हणून तिथे वॉकीटॉकी आणि मोबाईल लांब ठेवायला सांगतात. स्फोटाचा व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका. रीलला किती लाइक आले ते बघायला आपण शिल्लक पाहिजे.

तिसरं, ठिणगी.

पंपावर फोनच्या लहरींनी आग लागते, असं आपण ऐकत आलोय. खरं सांगायचं तर अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपावरच्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, त्यात मोबाईलमुळे लागलेली म्हणून सिद्ध झालेली आग सापडली नाही. सापडली ती स्थिर वीज. सीटवरून घसरत उतरलं की अंगावर साठते ती, हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट करते ती. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते, आणि आपल्या बोटातून उडणारी ठिणगी त्याहून जास्त असू शकते.

मग बंदी कशाला? कारण आपला साधा फोन ज्वलनशील वाफेत वापरायला बनवलेलाच नाही. हातातून पडला, बॅटरी शॉर्ट झाली, तर ठिणगी उडणार नाही याची हमी कोणी दिलेली नाही. रासायनिक कारखान्यांत म्हणूनच गेटवर फोन जमा करतात आणि आत वेगळे, तपासून प्रमाणित केलेले फोन वापरतात. दुसरं कारण लक्ष. फोनवर बोलणाऱ्याला नोझल कधी उडाला ते कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, पंपावर काट मारलेला फोन आणि शेजारीच क्यूआर कोड!" बरोबर आहे, मलाही हसू येतं. मी एवढंच करतो: इंजिन बंद, गाडीवरून उतरायचं, पेट्रोल भरून झाकण लावायचं, गाडी चार पावलं पुढे ढकलायची, मग स्कॅन. कॅनमध्ये पेट्रोल घेत असाल तर कॅन हातात किंवा डिकीत नको, जमिनीवर ठेवून भरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे पंपावर नाही, आपल्या स्वयंपाकघरात होतं. रात्री गॅसचा वास आला तर आपला हात कुठे जातो? लाइटच्या बटणाकडे, नाहीतर फोनच्या टॉर्चकडे. दोन्ही नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर साचतो. बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर. फोन करायचा तो बाहेर, मोकळ्यावर जाऊन. नंबर १९०६, गॅसगळतीसाठी चोवीस तास. आत्ताच सेव्ह करा. आणि आई-आजीलाही सांगा, कारण त्या वेळी घरात बहुधा त्याच असतात.

तर एवढंच लक्षात ठेवा. चुंबक असेल तिथे एक वीत. लहरींची भीती असेल तिथे एक मीटर किंवा फ्लाइट मोड. ठिणगीची भीती असेल तिथे आधी बाहेर, मग फोन.

बाबांचं विचाराल, तर फोन आता पँटच्या खिशात असतो. पण सवय कुठे जाते! फोन वाजला की हात आधी छातीकडेच जातो. शेवटी आईने सगळ्या शर्टांच्या डाव्या खिशांची तोंडंच शिवून टाकली. बाबा चिडले, म्हणाले, "पेन कुठे ठेवू मी?" आई म्हणाली, "कानावर!"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.