तलावाच्या पोटातली शिडी

नागपूर सोडून भंडाऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेनं पाणी चमकू लागतं. पुढे साकोली, अर्जुनी मोरगावपर्यंत एक तलाव मागे पडतो न पडतो तोच दुसरा समोर येतो. पाहणाऱ्याला वाटतं, ही निसर्गाचीच सरोवरं. पण नीट पाहा. तीन बाजूंना जमीन हळूहळू चढत गेलेली असते आणि चौथ्या बाजूला मातीची लांबलचक पाळ असते. ती पाळ माणसानं घातलेली आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत!

त्यांचं सरकारी नाव माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. बांधणाऱ्यांत आघाडीवर होता कोहळी समाज. चांद्याच्या गोंड राजानं काशीहून ही माणसं आणली आणि तलाव बांधून जमीन भिजवणाऱ्याला जमीन देऊ केली, असं सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानलं जातं.

इथे वर्षाला १,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मग तलाव कशाला? कारण धान. रोवणी पावसावर होते, पण धान निसवायला येतं तेव्हा पाऊस हमखास दगा देतो. त्या दोन-तीन आठवड्यांत एक पाणी मिळालं तर पीक घरात येतं, नाही तर तणस. हा सगळा खटाटोप त्या एका पाण्यासाठी.

आणि ते पाणी बाहेर काढायचं कसं, इथे मला खरं नवल वाटतं. पाच मीटर खोल पाण्याच्या तळाशी भोक पाडलं, तर धार ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगानं बाहेर पडेल. एवढा जोर मातीची पाळ काही दिवसांत पोखरून टाकेल. यावर जुन्या माणसांनी काढलेला उपाय म्हणजे तुडूम. पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांनी एकाखाली एक भोकं ठेवायची आणि ती दट्ट्यांनी बंद करायची. पाणी हवं असेल तेव्हा सगळ्यात वरचं, पाण्याच्या जेमतेम खाली असलेलं भोक उघडायचं. डोक्यावर अर्धाच मीटर पाणी असेल तर धारेचा वेग ताशी ११ किलोमीटरवर येतो. पातळी उतरली की खालचा दट्ट्या काढायचा. पाणी शिडी उतरल्यासारखं पायरी-पायरीनं खाली येतं, पाळीखालच्या नळातून निमूटपणे पाटात पडतं आणि पाट ते बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त शेतांपर्यंत नेतो. यात ना यंत्र, ना इंधन. श्रीलंकेतल्या प्राचीन तलावांतही पाण्याचा जोर मोडण्यासाठी पाळीत चौकोनी विहीर बांधलेली असते. तिला बिसोकोटुव म्हणतात. दूरदूरच्या माणसांना एकच प्रश्न पडला आणि दोघांनीही तो मातीच्या कलानं सोडवला.

या तलावांची आबाळ सुरू झाली ती एका चांगल्या कायद्यानंतर. १९५० साली मध्य प्रदेश विधानसभेनं मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी आणि सारावसुली मालगुजाराकडे ठेवणारी पद्धत, रद्द केली. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. कुळांच्या दृष्टीनं ते न्यायाचंच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण दरवर्षी पाळीवर माती टाकणारा, तुडूम साफ करणारा, पाट उपसायला गाव गोळा करणारा कोणी उरला नाही. गाळ साठला, पाट बुजले, काठांवर बेशरमाची झुडपं माजली.

आता दुरुस्ती चालू आहे, आणि इथे माझं एक मत ठाम आहे. दुरुस्ती म्हणजे नुसता उपसा नव्हे. यंत्र लावून तळ सरसकट खरवडला की पाणीसाठा वाढल्यासारखा दिसतो, पण काठाचा मंद उतार जातो. त्या उथळ पाण्यातच देवधान हा रानटी भात उगवतो, पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात आणि पक्षी चरतात. उतार गेला की तलावाचा खड्डा होतो.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते मासेमारी करणाऱ्या ढीवरांनी, कारण त्यांच्या जाळ्यातले गावठी मासे कमी होत गेले. तलावांचे अभ्यासक मनीष राजणकर आणि त्यांचे सहकारी याच समाजाला सोबत घेऊन बरीच वर्षं वेगळ्या रीतीनं काम करत आहेत. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची, कडक झालेली माती नांगरायची आणि पावसाचं पाणी भरलं की दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. शेतात रोवणी करतात, तशी तलावात रोवणी! कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान त्या माणसांच्या बोटांत आहे. वनस्पती रुजल्या तिथे मासेही परतले.

पाळीवरून चालत गेलं तर ही रचना एका नजरेत येते. गावाची रोजची पायवाट हीच असते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला उतरत गेलेल्या बांध्या. पाटाचं पाणी पहिल्या बांधीत शिरतं, ती भरली की धुऱ्यावरून दुसरीत, मग तिसरीत. तलाव तुडुंब भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघतं आणि नाल्यानं पुढच्या गावाकडे जातं. तिथे खाली आणखी एक पाळ असते आणि तिच्या आतल्या अंगाला आणखी एक तुडूम.