भीती, चिंता आणि ख्रिस्ती विश्वास : पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या आधारे एक विवेचन

भीती आणि चिंता हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात; परंतु तत्त्वज्ञानाने आणि त्याच्या मागोमाग मानसशास्त्राने त्यांत भेद केला आहे. भीतीला विषय असतो. साप, दुष्काळ, साथ, लोकापवाद यांपैकी काहीतरी समोर उभे असते आणि मनुष्य त्यास भितो. चिंतेला असा विषय बोट दाखवून सांगता येत नाही. ती मनुष्याच्या अस्तित्वालाच चिकटलेली असते. डेन्मार्कमधील ख्रिस्ती विचारवंत किर्केगार याने १८४४ मध्ये ह्या भेदाची प्रथम व्यवस्थित मांडणी केली आणि पॉल टिलिक याने १९५२ मध्ये धैर्याच्या स्वरूपावर लिहिताना तिचा विस्तार केला. मराठीत ‘चिंता’ ह्या शब्दास बहुधा विषय जोडलेलाच असतो, मग तो मुलीच्या विवाहाचा असो वा पावसाचा. किर्केगारास अभिप्रेत असलेल्या अवस्थेस आपला ‘धाकधूक’ हा घरगुती शब्दच अधिक जवळचा आहे. तथापि शास्त्रीय लेखनात रूढ झालेला शब्द म्हणून येथे ‘चिंता’ हाच स्वीकारला आहे.

श्रद्धेने भीती नाहीशी होते काय, ह्या प्रश्नास धर्मोपदेशक होकारार्थी व संशयवादी नकारार्थी उत्तर देतो. दोघेही श्रद्धेकडे एखाद्या औषधाच्या मात्रेप्रमाणे पाहतात आणि गुण आला की नाही एवढेच विचारतात. ह्या प्रश्नाची उकल सिद्धांतापेक्षा चरित्रातून अधिक होण्यासारखी आहे, आणि पुण्याच्या परिसरात असे एक चरित्र उपलब्ध आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी आपल्या धर्मजीवनाची हकीकत १९०७ मध्ये स्वतः लिहून ठेवली, त्यांचा पत्रव्यवहारही पुढे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांचे विरोधकही मुखदुर्बळ नव्हते. त्यामुळे त्यांच्या अंतःकरणातील घडामोडी बाह्य घटनांशी ताडून पाहता येतात.

रमाबाईंच्या बालपणी भीती ही आकस्मिक गोष्ट नव्हती. ती दिनक्रमाचाच भाग होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे आणि अरिष्टनिवारणार्थ व्रते, दाने व अनुष्ठाने करी. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात हाताशी असलेले द्रव्य देवकार्यात संपले, आणि मजुरी करणे किंवा भीक मागणे ह्या विद्वान घराण्यास शक्य नव्हते. काही महिन्यांच्या अंतराने वडील व आई निवर्तली. थोरली बहीणही पुढे गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत उत्तरेस गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे वाळूत खड्डे खणून त्यांत अंग पुरून त्यांनी रात्र काढल्याचे रमाबाईंनी नमूद केले आहे. शास्त्रात सांगितलेले सर्व काही करूनही अरिष्ट टळले नाही, हा अनुभव ह्या मुलीच्या मनावर कोरला गेला. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दुष्काळाची भीती दुष्काळाबरोबर जाते. परंतु ‘कोणते तरी कर्तव्य राहून गेले असावे’ ही शंका जात नाही, कारण ग्रह, पितर, देवता आणि ऋणे यांची गणती कधी पूर्ण होत नाही. भीतीचे चिंतेत रूपांतर होण्याची ही एक ठळक वाट होय.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, आणि येथेच पंचहौद मिशनमधील वाँटेज येथील इंग्लिश भगिनीसंघाशी त्यांचा परिचय झाला. मूळचे काशीचे शास्त्री असलेले नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाचाही त्यांच्यावर परिणाम झाला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास निघाल्या तेव्हा आनंदीबाई भगत ही मैत्रीण त्यांच्या सोबत होती. आपणांस बळाने ख्रिस्ती केले जाईल ह्या भयाने आनंदीबाईंना परदेशात ग्रासले. मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत दिलेल्या हकीकतीनुसार, ह्या भ्रमाच्या भरात त्यांनी रमाबाईंचाही जीव घेण्याचा प्रयत्न केला आणि अखेर स्वतःचा अंत करून घेतला. त्यानंतर रमाबाई मॅक्स म्युलर यांच्या घरी ऑक्सफर्ड येथे राहिल्या असता त्यांचे मन इतके हादरलेले होते की, रात्री त्यांच्या खोलीत दासीस निजावे लागे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. भीतीवर विजय मिळवणाऱ्या श्रद्धेची कथा सांगणारा लेखक सामान्यतः येथे थांबतो; पण रमाबाईंचे स्वतःचे निवेदन येथे थांबत नाही. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला, ख्रिस्त मात्र आपणांस त्या वेळी लाभला नव्हता, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. बाप्तिस्म्यामागे बुद्धीची संमती होती; रात्रीच्या अंधाराची भीती घालवण्यास ती पुरेशी नव्हती. शिवाय भगिनीसंघातील वडीलधाऱ्या मंडळींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर निःसंकोच वाद घालतात. अधिकारी व्यक्तीने सांगितले म्हणून मान तुकवण्यास त्या तयार नाहीत. एका भयातून सुटून दुसऱ्या भयाच्या आश्रयास जावयाचे त्यांनी नाकारले, हा ह्या पत्रांचा खरा अर्थ आहे. केवळ हट्टीपणा म्हणून त्यांची बोळवण करणे योग्य होणार नाही.

पालट झाला तो सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आणि तोही पुण्यात. विल्यम हॅसलम ह्या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ धर्मगुरू म्हणून काम करीत असता, स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन करीत असताना परिवर्तन पावला होता. धर्माच्या नोकरीत असूनही धर्माचा लाभ न झालेला मनुष्य असू शकतो, हे रमाबाईंना त्यात आपलेच चित्र वाटले असल्यास नवल नाही. तारण हे कमवावयाचे नसून स्वीकारावयाचे असते, हा प्रॉटेस्टंट पंथाचा मूळ सिद्धांत त्यांनी त्यापूर्वीही ऐकलेला होता. आता तो त्यांच्या बालपणीच्या चिंतेस जाऊन भिडला. कर्तव्यांची न संपणारी यादीच ज्या चिंतेचे मूळ, तिच्यावर ‘यादी फेडली गेली आहे’ हे आश्वासन लागू पडते. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘श्रद्धा’ ह्या शब्दापेक्षा ‘विश्वास’ हा शब्द अधिक वापरतात, त्याचेही येथे औचित्य दिसते. श्रद्धा तत्त्वावर असू शकते. विश्वास टाकावयाचा तो व्यक्तीवर.

ह्याच काळात पुणे शहर मात्र निराळ्या भयाने व्यापले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये ज्या पंचहौद मिशनमध्ये रमाबाईंचा ख्रिस्ती धर्माशी परिचय वाढला, तेथेच एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी जमली व त्यांच्यापुढे चहा ठेवण्यात आला. पुढे नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाचा एक पेला विद्वानांच्या घरांत एवढा क्षोभ माजवू शकत असेल, तर आश्रमातील विधवा मुलींच्या पालकांची मनःस्थिती काय असेल याची कल्पना करता येते. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि १८९० च्या अखेरीस पुण्यास आले. काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसतात हे कळताच १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले व वीसांहून अधिक मुली काढून नेण्यात आल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. कारण पुढे अनेक मुली खरोखरच ख्रिस्ती झाल्या. एकाचा विश्वास ही दुसऱ्याची भीती होऊ शकते, हा ह्या विषयातील अवघड भाग आहे आणि रमाबाईंच्या भक्त चरित्रकारांनी त्यास पुरेसा न्याय दिलेला नाही.

१८९७ साल हे ह्या विश्वासाच्या परीक्षेचे साल. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात ओळखू आलेला प्लेग पुण्यास येऊन पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथींविषयीचा कायदा झाला, आणि वॉल्टर रँडच्या अधिकाराखाली सोल्जरांकडून घरोघर झडत्या, रुग्णांची रुग्णालयात रवानगी व निकटवर्तीयांचे विलगीकरण सुरू झाले. लोकांना रोगाची भीती होतीच. तीहून अधिक भीती झडतीची वाटू लागली. मध्य प्रांतात त्याच वेळी दुष्काळ पडला होता. ज्या मुलीने एकदा वाळूत अंग पुरून घेतले होते, ती आता प्रौढ स्त्री होऊन दुष्काळी मुलुखात जाऊन निराश्रित मुली गोळा करून आणीत होती. साथीच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा शहराच्या आग्नेयेस सुमारे ३४ मैलांवर केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. पुढे ‘मुक्ती’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या वसाहतीचा आरंभ असा प्लेग आणि दुष्काळ यांच्या कात्रीत झाला.

ह्या घटनेचा अर्थ नीट लावणे अगत्याचे आहे. ‘ईश्वर रक्षण करील’ असे म्हणून रमाबाई मुलींना साथीच्या शहरात घेऊन बसल्या नाहीत. त्यांनी धोका धोका म्हणूनच ओळखला व मुलींना बाहेर नेले. त्याचबरोबर त्या वर्षी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची जी दुर्दशा होत होती तिच्यावर त्यांनी उघड टीका केली. आपल्या आश्रयातील एक मुलगी त्या व्यवस्थेत गेली ती परत आली नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले व सरकारने आरोप फेटाळून लावले. सोल्जरांच्या वर्तनाविषयी त्याच सुमारास इंग्लंडात बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली, आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर तर पुण्यात तोंड उघडणे धोक्याचे झाले. ज्या सरकारचा धर्म आपला धर्म, ज्याच्या देशबांधवांच्या देणग्यांचा आपल्या संस्थेस आधार, त्याच सरकारविरुद्ध लिहिण्यास निराळे धैर्य लागते. रात्री सोबतीवाचून झोपू न शकणारी १८८३ मधील रमाबाई आणि हे पत्र लिहिणारी रमाबाई यांच्यामधील अंतर हेच प्रस्तुत प्रश्नाचे सर्वांत भरीव उत्तर होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये संकटास तोंड देण्याच्या तीन धार्मिक पद्धती वेगळ्या केल्या: सर्व भार स्वतःवर घेणारी, सर्व भार ईश्वरावर टाकून स्वस्थ बसणारी, आणि ईश्वरास सहकारी मानून स्वतः कामास लागणारी. केडगावची रीत तिसऱ्या प्रकारात बसते. ठराविक उत्पन्नाची हमी नसता प्रार्थनेवर भिस्त ठेवावयाची. पण विहिरीही खणावयाच्या, माग चालवावयाचे, तेलघाणा आणि छापखाना उभारावयाचा. गुजरातेतील दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, वसाहतीतील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली होती. एवढ्या मुखांची उद्याची भाकर कोठून येणार हा प्रश्न तेथे प्रत्यही असे. त्याचे उत्तर प्रार्थनेत शोधले जाई, आणि प्रार्थना आटोपताच शेतात.

जून १९०५ च्या अखेरीस तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, ते मात्र ह्या सरळ मांडणीत सहज बसत नाही. नियमाने प्रार्थनेस जमणाऱ्या शेकडो मुली पापाच्या जाणिवेने मोठ्याने रडू लागल्या. काहींनी अंगात आग पेटल्यासारखे वाटल्याचे सांगितले. विश्वासाने भीती शमते असे म्हणावे, तर येथे ती प्रथम पेटवली गेलेली दिसते. समर्थक ह्यास आनंदापूर्वीची पायरी समजतात. सामूहिक भावनावेग म्हणून त्याचे स्पष्टीकरण देणारेही आहेत. दोन्ही बाजू मान्य करूनही एक गोष्ट उरते. ह्यांतील कित्येक मुली दुष्काळात आईबापांस डोळ्यांदेखत मरताना पाहून आलेल्या होत्या, आणि त्या दुःखास मोठ्याने रडण्याची मुभा त्यांना तोवर मिळालेली नसावी.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी बायबलाचे मूळ हिब्रू व ग्रीकवरून खेडवळ स्त्रियांस समजेल अशा सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक अडचण लक्षणीय आहे. हिब्रूतील ‘यिरआ’ ह्या एकाच शब्दात घाबरणे आणि आदराने नम्र होणे हे दोन्ही अर्थ सामावलेले असतात, तर मराठीत ‘भय’ म्हटले की पहिला अर्थ पुढे येतो आणि ‘भक्ती’ म्हटले की तो पुसला जातो. ह्या शब्दांशी रमाबाईंची झटापट सुमारे अठरा वर्षे चालली. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या आणि कामातील उजवा हात असलेली मनोरमा वारली. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. वसाहतीतील स्त्रियांनी केडगावच्याच छापखान्यात खिळे जुळवून छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले.