‘आता तिला कशाला?’



आपल्या गटाच्या कर्जमागणी अर्जात एक रकाना असतो, ‘कर्जाचे कारण’. गेली अकरा वर्षं मी पारोळा तालुक्यातल्या बचत गटांचे अर्ज बघते आहे. बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, मुलीचं लग्न, सासऱ्यांचा दवाखाना, घरावरचे पत्रे. ही कारणं मला आता पाठ झाली आहेत. या सगळ्या अर्जांत ‘मला हवं आहे म्हणून’ असं कारण मी एकदाच ऐकलं.

ती आमच्या एका गटातली बाई. वय चौतीस, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. तिने बैठकीत पंधरा हजार मागितले. कशासाठी विचारलं तर म्हणाली, ‘‘माले गाडी शिकनी शे.’’ जुनी स्कूटी मिळत होती, ती घ्यायची आणि शिकायची. मी विचारलं, कामाला जायला का? तर म्हणाली, नाही, असंच. कुठे जावंसं वाटलं तर जाता येईल.

बैठक गप्प झाली. मग कोपऱ्यातून आवाज आला, ‘‘आते कसाले?’’ आता कशाला? बाकीच्यांनी माना हलवल्या. मी ठराव वहीत लिहिलं, ‘पुढील बैठकीत विचार करण्यात येईल.’ खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. नवरा असताना गाडी नव्हती, मग आता कशाला? रात्री झोप लागेना. हे मला कुणी शिकवलं? आईने नाही, शाळेने नाही. मग वाटलं, लहानपणापासून जे सिनेमे पाहिले आणि ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांतूनच हे अंगात मुरलं असावं. म्हणून आजच्या भागात त्या गोष्टींबद्दल बोलायचं ठरवलंय. सिनेमात आणि पुस्तकात बाईला काय हवं असतं, आणि तिने ते मागितलं की तिचं काय होतं?

सुरुवात आपल्याच गावापासून करू. पारोळा म्हटलं की आपण किल्ला सांगतो, बालाजीचा रथ सांगतो. पण मराठी कादंबरीला वळण देणारे हरि नारायण आपटे पारोळ्यात जन्मले, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? मलाही बी.ए.ला असताना पुस्तकातूनच कळलं. जन्मतारीख ८ मार्च १८६४. महिला दिनाला! तेव्हा महिला दिन नव्हता, पण योगायोग बघा. पुढे ते पुण्यात वाढले, १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमाक्रमाने छापली.

ही कादंबरी यमू नावाची बाई स्वतः सांगते. ‘मी’ म्हणून सांगते. लहानपण, लग्न, सासर. तिला काय हवं असतं? वाचायला शिकायचं असतं आणि नवऱ्याशी मोकळेपणाने बोलायचं असतं. एवढंच. आज आपल्याला हसू येईल, पण त्या काळच्या मोठ्या वाड्यात नवरा-बायकोने दिवसा एकमेकांशी बोलणं हा उद्धटपणा होता. तिचा नवरा रघुनाथराव चांगला निघतो, तिला शिकवतो. दोघं मुंबईत राहतात, काही दिवस सुखाचे जातात. मग तो जातो. आणि घरचे तिचं जबरदस्तीने केशवपन करतात. ज्या बाईने आपल्याशी एवढ्या गप्पा मारल्या, तिलाच धरून बसवतात. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

हे सगळं एका पुरुषाने लिहिलं आणि फार चांगलं लिहिलं. मी त्यांचे उपकारच मानते. पण एक गोष्ट मनात राहते. यमूला जे जे हवं होतं, ते सगळं तिला नवऱ्यातून मिळालं आणि त्याच्याबरोबरच गेलं. तो गेल्यावर तिला काही हवंसं वाटू शकतं, हे गोष्टीत बसतच नाही. आमच्या बैठकीतला ‘आते कसाले’ तिथूनच येतो की काय, असं मला वाटतं.

हे फक्त जुन्या काळाचं आहे असं समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसंच करावं असं परिपत्रक काढलं. म्हणजे यमूनंतर सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि ठराव करायची पाळी आलीच.

बाईने स्वतः या गोष्टींवर बोट ठेवलं तेही आपल्या शेजारच्याच बुलढाण्यात. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेकडच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांना नावं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना राग आला. त्या रागात त्यांनी लेखकांनाही सोडलं नाही. तुमच्या पुस्तकांतल्या बायका तेवढ्या कपटी आणि बेइमान, मग पुरुष काय करतात ते का लिहीत नाही, असं त्यांनी विचारलं. पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या. पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये पुन्हा छापलं गेलं.

आता सिनेमाकडे येऊ, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पुस्तकं कमी वाचली आणि सिनेमे भरपूर पाहिले.

प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. शांता आपटे यात नीरा झाल्या होत्या. (कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. हे आपटे वेगळे बरं का, नावं उलटीसुलटी आहेत म्हणून सांगितलं.) नीराचं फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावतात. ती त्याला नवरा मानायला नकार देते. रडत बसत नाही, तोंडावर सांगते. शेवटी तो म्हाताराच आपला जीव देतो आणि तिची वाट मोकळी होते. म्हणजे ‘नको’ म्हणणारी बाई आपल्या पडद्यावर १९३७ मध्येच आली होती. ‘हवं’ म्हणणारी मात्र यायची होती.

कारण मधल्या काळात सिनेमाने एक सोय करून टाकली. बाईचे दोन भाग केले. सोसायचं ते घरच्या बाईने, आणि मागायचं ते फडावरच्या बाईने. ‘पिंजरा’ १९७२ चा, रंगीत, गाणी सगळ्यांना तोंडपाठ. त्यात इच्छा सगळी तमासगीर चंद्रकलेकडे आणि अब्रू सगळी मास्तरांकडे. ती हवं ते मागते, म्हणून मास्तर बिघडतात, असा हिशोब. दुसऱ्या टोकाला १९९१ चा ‘माहेरची साडी’. अलका कुबल यांची लक्ष्मी सोसते, सोसते आणि सोसत राहते. माझी आई पदर ओला करून घरी आली होती आणि दोन दिवस आम्हाला काही बोलली नव्हती. त्या रडण्याला मी हसणार नाही. त्यात आपलं खरं दुःख होतं. पण लक्ष्मीला स्वतःला काय हवं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

आणि लावणीचं म्हणाल तर अजून एक गंमत आहे. लावणीत बाई किती उघडपणे आपली ओढ सांगते! पण राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव, ही नावाजलेली लावणीकार मंडळी पुरुष. शब्द पुरुषाचे, गळा बाईचा, आणि समोर फेटे उडवणारेही पुरुषच. तिचं ‘मी’ कितपत तिचं?

मग बायकांनी स्वतः लिहिलं तेव्हा काय झालं? ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुली, ज्यांच्या पगारावर घर चालतं म्हणून त्यांच्या लग्नाचा विषय मागे पडतो. त्यांनाही प्रेम हवं असतं, सोबत हवी असते, हे त्यात सरळ लिहिलेलं होतं. लेखिका विभावरी शिरूरकर. केवढा गदारोळ झाला! आणि हे नाव खरं नव्हतंच. लिहिणाऱ्या होत्या मालतीबाई बेडेकर. बाईला प्रेम हवंसं वाटतं एवढं लिहायला नाव लपवावं लागलं. पुढे फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं, तेही घरात लपवूनच. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचून वाचून त्या लिहित्या झाल्या.

आता ज्या सिनेमावरून आमच्या गटात भांडण झालं, त्याच्याबद्दल सांगते. ‘उंबरठा’, १९८२. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेलांनी केला. त्यातली सुलभा म्हणजे स्मिता पाटील. स्मिता पाटील यांचं घराणं आपल्या खान्देशातलं, वडील शिवाजीराव पाटील शिरपूरकडचे पुढारी, त्यामुळे आमच्या बायकांना ती घरचीच वाटते. स्कूटीच्या बैठकीनंतरच्या महिन्यात आम्ही मंदिराच्या ओट्यावर पडदा बांधून हा सिनेमा पाहिला.

सुलभाचं घर चांगलं आहे. नवरा वकील आहे, मारत नाही, पीत नाही, सासर श्रीमंत आहे. तिला फक्त काम करायचंय, शिकलेलं वापरायचंय. म्हणून ती लहान मुलगी घरी ठेवून दूरच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. तिथलं राजकारण, तिथल्या बायकांची दुःखं. ती हरून परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि तो ते शांतपणे सांगतो. ती पुन्हा घर सोडते.

सिनेमा संपल्यावर रात्री साडेदहापर्यंत वाद. ‘‘पोर टाकीसन गयी ती!’’ एक मावशी तावातावाने म्हणाल्या. लेकरू टाकून गेली, तिला कसली आली दया? अर्ध्या जणी त्यांच्या बाजूच्या. मग एक सून, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, ‘‘तिचा नवरा कामाला गेला असता तर पोर टाकून गेला असं म्हटलं असतं का? आपल्या गावचे सुरतेला जातात ते काय पोरं संगे नेतात?’’ सगळ्या गप्प. आपल्या इथले कितीतरी पुरुष सुरतेला कामाला आहेत, हे काय सांगायला हवं. मावशींना काही पटलं नाही, त्या अजूनही सुलभावर रागावलेल्या आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

मला मात्र त्या सिनेमातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सुलभा दुःखात नव्हती, तरी तिला काही हवं होतं. छळ झाला म्हणून बाहेर पडलेली बाई आपण लगेच समजून घेतो. छळ नसताना जी बाहेर पडते, तिला आपण कारण विचारतो. आपल्या अर्जातल्या रकान्यासारखं.

शरीराच्या ओढीबद्दल बोलायचं तर महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’ हा २००० सालचा सिनेमा आहे, मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे केलेला. तबूने यात अदितीचं काम केलंय. नवरा सतत कामाच्या मागे, ती एकटी, आणि गाणं शिकवणाऱ्या मास्तरांशी तिचं नातं जुळतं. पंचवीस वर्षांनी ते उघडं पडतं. पुढे काय ते सांगत नाही, पण त्यात ती माफी मागत उभी राहत नाही, उलट घरच्यांना प्रश्न विचारते. हा सिनेमा गटात दाखवायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पण आमच्या बायका दळणाच्या गिरणीवर थट्टेत काय काय बोलतात ते ऐकलं, की वाटतं, धाडस नाही ते माझंच.

आणि २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’. आम्ही बावीस जणी दोन गाड्या करून धुळ्याला जाऊन पाहिला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. कुणी म्हणेल त्यात नवीन काय? नवीन हे की थिएटरभर बायका होत्या आणि पडद्यावर चाळिशी-साठीच्या बायका स्वतःसाठी काहीतरी मागत होत्या, हसत हसत. सगळं शेवटी जरा लवकरच गोड होतं, हे माझं मत. पण येताना गाडीत जी गाणी झाली, ती मी आखाजीनंतर प्रथमच ऐकली.

आखाजीचं सांगायचं राहिलंच. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासूची, नवऱ्याची, सगळ्यांची उणीदुणी गाण्यात काढतात. ती गाणी कुणी पुरुषाने लिहून दिलेली नाहीत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर गाणं केलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी ती गाणी उतरवून ठेवली आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर, १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्यांना वैधव्य तिशीत आलं होतं, जवळजवळ आमच्या स्कूटीवाल्या ताईसारखंच. त्यानंतरही त्या शेतावर, घरावर, मनावर, माहेरावर गात राहिल्या. यमूची गोष्ट जिथे संपते, त्याच्या पुढे त्या जगल्या आणि ते त्यांच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आलं.

आता आमच्या गटात महिन्यातून एकदा वाचन असतं. एक जण मोठ्याने वाचते, बाकीच्या वाती वळतात किंवा शेंगा फोडतात. सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घेतलंय. त्याही शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाचं वर्णन त्या असं करतात की मागच्या वेळी हसण्याच्या नादात शेंगांची पाटीच सांडली.

पुस्तकाची प्रत वाचनालयातून त्या ताईनेच आणली, स्कूटीवरून. हो, कर्ज तिसऱ्या बैठकीत मंजूर झालं, अकरापैकी नऊ सह्यांनी. एक सही मावशींची नव्हती. हप्ते वेळेवर येतात. फक्त अर्ज भरताना तिने ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं, ‘भाजीपाला विक्रीसाठी’. ती भाजीपाला विकत नाही. मी सही केली.