दोन भाषांची सीमा

मराठी आणि कानडी यांची क्षेत्रे नकाशावर एका रेषेने विभागलेली दिसतात. प्रत्यक्षात ती परस्परांत मिसळलेली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी व खानापूर येथील मराठी भाषिक म्हैसूर राज्यात गेले. अक्कलकोट व जत येथील कानडी भाषिक मुंबई राज्यात, म्हणजे पुढील महाराष्ट्रात, राहिले. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानेही हा वाद मिटला नाही.

सीमेपासून दूर असलेल्या बंगळूरची कथा निराळी. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने ते जिंकले, शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले आणि तेथे मराठी रुजली. १६८७ मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवरायाकडे गेले. सत्ता गेली, तरी मराठी घरे राहिली. त्यांनी पेठेत कानडी आपलीशी केली आणि माजघरात मराठी जपली. राज्याची सीमा आदेशाने ठरते; भाषेची मात्र घराच्या उंबरठ्यावर.