विकतचे पांडित्य : लेखांक तिसरा – निर्दोष प्रबंधाचा दोष

दुसऱ्याच्या ग्रंथातील उतारे उचलून ते आपल्या नावावर खपविणाऱ्या विद्यार्थ्याचा परामर्श मागील लेखांकात घेतला. परंतु जो विद्यार्थी काहीच उचलीत नाही, सारेच नव्याने लिहवून घेतो आणि त्याचे रोख दाम मोजतो, त्याचा अपराध कोणत्या सदरात घालावयाचा, हा प्रश्न त्याहून बिकट आहे. या व्यवहारास 'कंत्राटी फसवणूक' हे नाव मिळाले ते साहित्य वा इतिहास अशा निबंधप्रधान विषयांमुळे नव्हे, तर संगणकशास्त्रामुळे. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट क्लार्क व टॉमस लँकेस्टर या अध्यापकांनी २००६ साली 'रेंट-अ-कोडर' या संकेतस्थळाची छाननी केली, तेव्हा व्यावसायिकांनी आपल्या गरजेचे प्रोग्रॅम लिहवून घ्यावेत म्हणून उघडलेल्या त्या पेठेत विद्यार्थीही आपला गृहपाठ लिलावास मांडीत असल्याचे उघडकीस आले.

शास्त्र व तंत्रविद्येचा विद्यार्थी या पेठेत आधी यावा, यात नवल नाही. निबंधात लेखकाची भाषा, तिच्या लकबी आणि चुकासुद्धा डोकावतात. प्रोग्रॅमचे तसे नाही. त्याला काय पुरवावयाचे, त्यातून काय निघावयास हवे आणि मुदत कोणती, एवढा तपशील दिला की कोणीही जाणकार तो करून देऊ शकतो. बर्कलीच्या अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलेली 'मॉस' ही प्रणाली, एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा प्रोग्रॅम केवळ नावे बदलून उतरविला असल्यास ते साम्य दाखवून देते. पण ज्याची नक्कलच नाही, अशा ताज्या मालापुढे तिचे काही चालत नाही. नकलेवरचा पहारा जसजसा कडक होतो, तसतशी अस्सल मालाची मागणी वाढते, हा या व्यापाराचा मूळ नियम होय.

हा माल पुरविणारे कोण? केनियाच्या नैरोबी शहरात, इंग्रजीतून उच्चशिक्षण घेऊनही नोकरीवाचून राहिलेल्या अनेक पदवीधरांनी ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांसाठी लेखन करणे हाच उदरनिर्वाह केला आहे. दर पानांवर आणि मुदतीच्या निकडीवर ठरतो. ज्याच्या नावे संकेतस्थळावर खाते असते, तो पुष्कळदा स्वतः न लिहिता काम खालच्या हातांत देतो व दलालीचा हिस्सा आपल्याकडे ठेवतो.

ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये असा धंदा करणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. परंतु दोन्ही कायद्यांचा रोख विक्रेत्यावर आहे, ग्राहकाचा निवाडा विद्यापीठाकडेच राहिला आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंध स्वतःचाच असल्याचे हमीपत्र संशोधकास द्यावे लागते. शिक्षा मात्र साम्याच्या टक्क्यांवर बेतलेल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत माफी, चाळिसापर्यंत सहा महिन्यांत सुधारित प्रत, साठापर्यंत वर्षभराची मनाई आणि त्यापलीकडे नोंदणी रद्द, अशी ही श्रेणी आहे. आता जो प्रबंध मोबदला घेऊन कोणी प्रामाणिकपणे नव्याने लिहिला आहे, त्यात साम्य जवळजवळ निघणारच नाही. म्हणजे ज्या हमीपत्रातील शब्द न् शब्द खोटा आहे, त्यालाच यंत्राकडून निर्दोषत्वाचा दाखला मिळावयाचा!

याचे कारण असे की, यंत्र मजकुराची तुलना मजकुराशी करते, मजकुराची तुलना माणसाशी करीत नाही. ते काम परीक्षकाचे. आणि त्यासाठी आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक जुनी सोय आहेच, ती म्हणजे तोंडी परीक्षा. हा चल (व्हेरिएबल) येथेच का घेतला, निविष्टी रिकामी आली तर हा प्रोग्रॅम काय करील, प्रयोगाचे तिसरे वाचन पहिल्या दोहोंपासून इतके दूर का गेले, असे प्रश्न विचारून जागच्या जागी एखादी ओळ बदलावयास सांगितली, तर लिहिणारा आणि लिहवून घेणारा यांतील भेद सहसा लपत नाही. परंतु जेथे बाहेरचा परीक्षक एका दिवसात साऱ्या तुकडीची परीक्षा उरकून, जर्नलावर सही करून निघून जातो, तेथे ही सोय नावापुरतीच उरते. परीक्षकाला एकेका विद्यार्थ्यासाठी पुरेसा अवधी देणे हा विद्यापीठाच्या हिशेबी खर्चाचा विषय आहे, आणि साम्य मोजणाऱ्या यंत्राची वर्गणी भरणे तुलनेने स्वस्त पडते. म्हणून या विक्रेत्यांना आळा घालण्याचा विचार अंदाजपत्रकापासून सुरू व्हावयास हवा. पुढील लेखांकात, २०२२ नंतर यंत्रच लिहू लागल्यामुळे या बाजाराचे काय झाले, ते पाहू.